ऊब ही बाजारातली निवड नव्हे

इंग्लंडातील लीड्स शहरात स्थायिक झालेल्या, आमच्या एका जुन्या साथींच्या कन्येचे पत्र नुकतेच आले. तिने व तिच्या पतीने तेथे कामगारवस्तीतील रांगेतले, विटांच्या भरीव भिंतींचे, शंभराहून अधिक वर्षांचे घर विकत घेतले आहे. घर ऊबदार ठेवणारा गॅसचा बॉयलर आता अखेरच्या घटका मोजतो आहे. त्याच्या जागी बाहेरच्या हवेतून उष्णता खेचून घेणारा हीट पंप बसवावा, असे दोघांच्या मनात आहे. तीन ठेकेदार घर पाहून गेले. एकाने पाच किलोवॅटचा पंप सांगितला, दुसऱ्याने दहाचा, आणि तिसऱ्याने ‘असल्या जुन्या घरात तो चालतच नाही’ असे सांगून नवा गॅसचा बॉयलर पुढे केला. ‘काका, तुम्ही इतकी वर्षे वीज आणि कोळसा यांवर लिहीत आला आहात. आम्ही काय निवडावे ते आता तुम्हीच सांगा,’ असे तिने लिहिले आहे.

पत्राच्या शेवटी दोन ओळी आणखी आहेत. शेजारच्या घरात एक वृद्ध विधवा भाड्याने राहते. तिच्याकडे आधी पैसे भरावे लागणारे मीटर आहे. पैसे संपले की घर गार पडते. हिवाळ्यात ती सायंकाळी दोन तासच बॉयलर चालवते आणि उरलेला वेळ अंथरुणात काढते. पंपाविषयीचे बोलणे कानी पडल्यावर ती एवढेच म्हणाली, ‘मला हे यंत्र कोण देणार?’

म्हणजे एका पत्रात दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर एखादा जाणता अभियंता तासाभरात देऊ शकेल. दुसऱ्याचे उत्तर कोणताही ठेकेदार देणार नाही, कारण ते त्याच्या दुकानात नाही. युरोपातील सरकारांनी गेली काही वर्षे पहिलाच प्रश्न खरा मानला आणि दुसरा बाजाराकडे सोपवला. त्याची फळे आज ती भोगत आहेत. या लेखाचा विषय तोच आहे.

यंत्राचा दोष नाही

प्रथम यंत्राविषयी. हीट पंप ही काही गूढ वस्तू नव्हे. आपल्याकडील कचेऱ्यांत भिंतीवर जो एअर कंडिशनर लावलेला असतो, तो खोलीतील उष्णता बाहेर फेकतो. तीच क्रिया उलट दिशेने केली की झाला हीट पंप. बाहेरची हवा कितीही थंड असली तरी तिच्यात उष्णता असतेच. त्याहूनही थंड असलेला द्रव ती शोषून घेतो व त्याची वाफ होते. कॉम्प्रेसर त्या वाफेवर दाब देऊन तिचे तापमान वाढवतो आणि ती उष्णता घरातील पाण्याला दिली जाते. विजेचा खर्च होतो तो उष्णता निर्माण करण्यासाठी नव्हे, तर ती इकडून तिकडे वाहून नेण्यासाठी. म्हणूनच एका युनिट विजेच्या मोबदल्यात सुमारे तीन युनिट उष्णता मिळते. गॅसचा उत्तमोत्तम बॉयलरही एका युनिटाच्या वायूतून एक युनिटाहून कमीच उष्णता देतो. लॉर्ड केल्विन याने या कल्पनेचा पाया १८५२ मध्येच घातला होता. झुरिकच्या नगरसभागृहाला १९३८ मध्ये लिमॅट नदीच्या पाण्यातून अशीच ऊब मिळू लागली. तेव्हा ‘हे नवे, अपरीक्षित खूळ आहे’ असे जे म्हणतात, त्यांनी निदान पंचांग तरी उघडून पाहावे.

‘थंडीत चालत नाही’ हा दुसरा आक्षेप. नॉर्वेइतका थंड देश युरोपात विरळा. आणि दर शंभर कुटुंबांमागे सर्वांत अधिक हीट पंप आहेत ते नॉर्वेत, साठांहूनही अधिक. फिनलंड व स्वीडन त्याच्या पाठोपाठ आहेत. ‘जुन्या घरात चालत नाही’ हा तिसरा आक्षेप. ब्रिटिश सरकारनेच पैसा पुरवून २०२० नंतर ७४२ घरांत हे पंप बसवून पाहिले. त्यांत जुनी, नवी, रांगेतली, सुटी अशी सर्व तऱ्हांची घरे होती. पंप बसवताच येणार नाही असा घरांचा एकही प्रकार त्या प्रयोगात आढळला नाही.

मात्र हे यंत्र बेफिकिरीने बसवून चालत नाही, हेही सांगितले पाहिजे. बॉयलर साठ-सत्तर अंशांचे पाणी रेडिएटरमध्ये सोडतो. पंप पस्तीस ते पन्नास अंशांच्या पाण्यावर दीर्घकाळ व सावकाश चालतो, तेव्हाच तो काटकसरीचा ठरतो. त्यासाठी प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचे मोजमाप आधी व्हावे लागते. कोठे रेडिएटर मोठे घालावे लागतात, कोठे छपराखाली उष्णतारोधक थर भरावा लागतो, गरम पाण्याच्या टाकीसाठी जागा काढावी लागते. मोजमाप न करता अंदाजाने मोठा पंप लावला तर तो सारखा सुरू-बंद होत राहतो, वीज अधिक खातो आणि लवकर झिजतो. म्हणून त्या मुलीला आमचे पहिले उत्तर असे की, जो ठेकेदार खोलीगणिक हिशेब कागदावर मांडून दाखवणार नाही, त्याला दारातूनच परत पाठवावे. बाहेर कडाक्याची थंडी असताना रेडिएटरमधील पाणी किती अंशांचे ठेवणार, हे त्याच्याकडून लेखी घ्यावे. पाच आणि दहा किलोवॅट यांतील अंतर घराने निर्माण केलेले नाही, न मोजता बोलणाऱ्या ठेकेदारांनी ते निर्माण केले आहे.

परंतु येथेच विचार करण्याजोगी गोष्ट सुरू होते. दिवसभर नोकरी करून थकलेल्या माणसाने उष्णताशास्त्र शिकावे, तीन ठेकेदारांची उलटतपासणी घ्यावी, अनुदानाचे नियम वाचावेत, विजेच्या दरपत्रकांची तुलना करावी आणि यांत कोठे चूक झाली तर पुढची पंधरा वर्षे ती निमूटपणे फेडावी, याला आज ‘ग्राहकाचे स्वातंत्र्य’ असे नाव आहे. ज्याला हे ओझे पेलते तो स्वतंत्र. ज्याला पेलत नाही त्याने थंडीत बसावे.

हिशेब कोणी बिघडवला?

आता पैशाचा हिशेब पाहू. ब्रिटनमध्ये विजेच्या युनिटाचा दर गॅसच्या युनिटाच्या सुमारे चौपट आहे. ठोकळमानाने गॅस ६ पेन्स व वीज २५ पेन्स धरू. समजा, एका घराला वर्षाकाठी १२,००० युनिट उष्णता लागते. बॉयलर ८५ टक्के कार्यक्षम असेल तर सुमारे १४,१०० युनिट गॅस जळेल आणि बिल येईल सुमारे ८५० पौंड. वर उल्लेखिलेल्या सरकारी प्रयोगात पंपांची वर्षभराची सरासरी कामगिरी एका युनिट विजेला सुमारे २.८ युनिट उष्णता अशी होती. त्या मानाने सुमारे ४,३०० युनिट वीज लागेल आणि बिल येईल सुमारे १,०७० पौंड. गॅसची जोडणी अजिबात तोडली तर तिच्या स्थिर आकाराचे शंभर-सव्वाशे पौंड वाचतील; तरीही तोटा उरतोच.

हे आकडे नीट न्याहाळावेत. पंपाने बॉयलरच्या एकतृतीयांशाहूनही कमी ऊर्जा वापरली. निसर्गाच्या खात्यावर प्रचंड बचत झाली. आणि गृहस्थाच्या खात्यावर मात्र खर्च वाढला! यंत्र जे वाचवते ते दरपत्रक खाऊन टाकते, असा याचा अर्थ. हे दरपत्रक ईश्वराने पाठवलेले नाही. ब्रिटनच्या घाऊक वीजबाजारात मागणी पुरी करण्यासाठी जे सर्वांत महाग केंद्र चालवावे लागते, त्याच्यावर बाजारभाव ठरतो. आणि पुष्कळ वेळा ते केंद्र गॅसवर चालणारे असते. वारा फुकट वाहिला तरी त्या विजेला गॅसचा भाव मिळतो. शिवाय पवनऊर्जेच्या व गरिबांच्या घरांच्या योजनांचा भार वर्षानुवर्षे प्रामुख्याने विजेच्या बिलावर घातला गेला, गॅसच्या बिलावर नव्हे. नोव्हेंबर २०२५ च्या अंदाजपत्रकाने यांतील काही भार बिलांवरून काढून सरकारी तिजोरीवर घेतला, हे योग्यच झाले. पण इतकी वर्षे एका हाताने ‘पंप घ्या’ म्हणून अनुदान द्यायचे आणि दुसऱ्या हाताने त्या पंपाच्या विजेवर दंड बसवायचा, हा कारभार चालू होता हे विसरता येत नाही.

आणि अनुदान तरी कोणाला? इंग्लंड व वेल्समध्ये हवेवरच्या पंपासाठी २०२२ मध्ये ५,००० पौंड मिळत. ऑक्टोबर २०२३ पासून ते ७,५०० झाले. पंप बसवण्याचा सारा खर्च बारा-तेरा हजार पौंडांच्या घरात जातो. म्हणजे उरलेले चार-पाच हजार ज्याच्या गाठीशी आहेत, त्यालाच सरकारचे साडेसात हजार मिळणार. ज्याच्याकडे चार हजार नाहीत त्याच्या करातून ही रक्कम निघते, पण त्याच्या दारापर्यंत ती येत नाही. अर्ज होतो तो घराच्या मालकाच्या वतीने. इंग्लंडातील सुमारे एकतृतीयांश कुटुंबे तर भाड्याच्या घरांत राहतात. यंत्राचा खर्च घरमालकाने करायचा आणि बिल भाडेकरूने भरायचे, अशा स्थितीत घरमालकाने हात का हलवावा? शेजारच्या विधवेच्या प्रश्नाचे उत्तर या व्यवस्थेने आधीच देऊन ठेवले आहे: ‘कोणी नाही.’

बोरिस जॉन्सन यांच्या सरकारने २०२० मध्ये गाजावाजा करून सांगितले होते की, २०२८ पर्यंत वर्षाला सहा लक्ष पंप बसू लागतील. २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे एक लक्ष पंप विकले गेले. बाजाराच्या पंडितांनी यावर लोकांच्या अज्ञानाला दोष दिला. आम्ही म्हणतो, लोकांनी हिशेब बरोबर केला. बाजाराने तो चुकीचा मांडून दिला होता.

दहा वर्षांत अख्खा देश

‘मग काय, सरकारने घरोघर जाऊन यंत्रे बसवायची? हे कोठे शक्य आहे?’ असे विचारणारे भेटतील. त्यांना आम्ही इतिहासाचे एक पान दाखवू इच्छितो. हा इतिहास रशियाचा किंवा चीनचा नाही. तो ब्रिटनचाच आहे.

१९४९ पासून ब्रिटनमधील गॅसउद्योग राष्ट्राच्या मालकीचा होता. ॲटली यांच्या मजूर सरकारने तो तसा केला होता. तोवर घरोघर जाणारा वायू प्रामुख्याने कोळशापासून बनवलेला असे. १९६५ मध्ये उत्तर समुद्राच्या तळाशी नैसर्गिक वायू सापडला. हा वायू निराळ्या रीतीने जळतो. जुन्या शेगड्या, जुने हीटर यांवर तो चालत नाही. देशातील प्रत्येक घरातले प्रत्येक उपकरण बदलल्यावाचून नवा वायू सोडणे अशक्य होते. तेव्हा कोणी असे म्हटले नाही की, ‘ग्राहकांनी आपापला ठेकेदार शोधावा, अर्ज भरावा, आणि ज्याला परवडेल त्याने नवा वायू घ्यावा.’ १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत सार्वजनिक गॅसउद्योगाची माणसे गल्लीमागून गल्ली घेत गेली. सुमारे एक कोटी तीस लक्ष ग्राहकांची सुमारे चार कोटी उपकरणे त्यांनी बदलली. या बदलाचे बिल कोणाच्याही दारी गेले नाही. तक्रारी झाल्या, गैरसोयी झाल्या, काही काम हलगर्जीपणानेही झाले. परंतु मालकाचे घर आधी आणि भाडेकरूचे कधीच नाही, असा भेद झाला नाही; कारण नळीतून येणारा वायू मालक आणि भाडेकरू असा भेद जाणत नव्हता.

हीट पंपाचे काम त्याहून अवघड आहे, हे आम्ही नाकारत नाही. शेगडीचा बर्नर बदलणे वेगळे आणि घराची सारी ऊबव्यवस्था बदलणे वेगळे. पण काम अवघड असेल तर ते एकट्या गृहस्थाच्या माथी मारावे, की संघटित शक्तीने उचलावे? जे सोपे होते ते समाजाने केले आणि जे अवघड आहे ते व्यक्तीने करावे, हा कोणता न्याय?

मध्यंतरी काय घडले ते सर्वांना ठाऊक आहे. १९८६ मध्ये थॅचर सरकारने गॅसउद्योग भागधारकांना विकला. पाठोपाठ वीजही विकली. गल्लीगल्लीतून काम करणारी ती यंत्रणा गेली आणि तिच्या जागी बिले पाठवणाऱ्या कंपन्या आल्या. विकलेल्या वस्तूंत केवळ नळ्या आणि तारा नव्हत्या. एखादे मोठे काम देश म्हणून हाती घेण्याची ताकदही त्यांबरोबर विकली गेली. आधी पैसे भरण्याचे मीटर गरिबांच्या घरांत जबरदस्तीने बसवण्याचा प्रकार फेब्रुवारी २०२३ मध्ये इतका चव्हाट्यावर आला की, नियामकाला तो थांबवावा लागला. म्हणजे गल्लीत माणसे पाठवण्याची शक्ती या कंपन्यांकडेही आहे. फक्त ती ऊब देण्यासाठी नव्हे, तोडण्यासाठी वापरली जाते!

येथे आणखी एका माणसाचे स्मरण करणे उचित होईल. इंग्लंडातील नॉर्विच शहराच्या नगरपालिकेच्या वीजखात्यात जॉन समनर नावाचा अभियंता होता. १९४५ मध्ये, युद्धाच्या टंचाईत, त्याने जुने सुटे भाग जमवून वेन्सम नदीच्या पाण्यावर चालणारा हीट पंप उभारला व खात्याची इमारत ऊबदार केली. ब्रिटनमधील या यंत्राच्या आरंभीच्या इतिहासात हे नाव ठळक आहे, आणि ते एका नगरपालिकेच्या नोकराचे आहे. सार्वजनिक क्षेत्रात कल्पकता नसते, असे सांगणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जर्मनीचा धडा

बाजारावर सारे सोडण्याचा दोष ब्रिटनने केला. कायद्याने सक्ती करून खर्च मात्र माणसामाणसावर ठेवण्याचा दोष जर्मनीने केला. सप्टेंबर २०२३ मध्ये जर्मन संसदेने कायदा केला की, नव्या ऊबयंत्राची निदान ६५ टक्के ऊर्जा अक्षय स्रोतांतून आली पाहिजे. हेतू निर्दोष होता. पण विधेयकाचा मसुदा फुटला तेव्हा साहाय्य कोणाला किती मिळणार हे ठरलेलेच नव्हते. सक्ती आधी कळली, आधार मागाहून आला. मोठ्या खपाच्या वृत्तपत्रांनी त्याला ‘हातोडा’ म्हणून हिणवले, आणि अतिउजव्या पक्षाने निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या माणसाच्या भीतीचे पीक कापून नेले. पुढे अनुदान ७० टक्क्यांपर्यंत वाढवले, कमी उत्पन्नाच्या घरमालकांना अधिक दिले, भाडेवाढीवर मर्यादाही घातली. परंतु ती सारी मलमपट्टी होती. २०२३ मध्ये तेथे ३,५६,००० पंप विकले गेले होते. २०२४ मध्ये १,९३,०००. याच काळात पिढ्यान्‌पिढ्यांच्या एका मोठ्या जर्मन कुटुंबउद्योगाने आपला ऊबयंत्रांचा धंदा बारा अब्ज युरोंना अमेरिकी कंपनीला विकून टाकला. जनता भांडत राहिली, भांडवल निघून गेले.

यातून उजवे असा निष्कर्ष काढतात की, लोकांना पर्यावरण नको आहे. हा निष्कर्ष खोटा आहे. लोकांना अन्याय नको आहे. श्रीमंताने हवेलीवर सौरपट्ट्या लावून प्रशस्तिपत्र घ्यायचे आणि गरिबाने बॉयलर बिघडला म्हणून अपराधी ठरायचे, हे त्यांना मान्य नाही. आणि ते का असावे?

तथापि आपल्या बाजूच्या काही मित्रांनाही दोन शब्द सुनावणे आवश्यक आहे. ‘हीट पंप हे मध्यमवर्गीयांचे खेळणे आहे, कामगाराला त्याचे काय?’ असे म्हणून विषय झटकून टाकणारे डावे आम्ही पाहिले आहेत. कोणतेही साधन प्रथम श्रीमंताच्या घरी जाते, म्हणून ते श्रीमंताचेच असते काय? वीज प्रथम कोणाच्या घरी आली होती? नळाचे पाणी प्रथम कोणाच्या आळीत आले होते? ती साधने नाकारून नव्हे, सर्वांची करून आपली चळवळ वाढली. आणि जे मित्र ‘थांबा, उद्या गॅसच्या नळ्यांतून हायड्रोजन येईल’ असे ऐकून स्वस्थ बसतात, त्यांनी हे जाणून घ्यावे की, विजेपासून हायड्रोजन बनवून तो घरात जाळण्याला पंपाच्या सुमारे पाचपट वीज लागते. ब्रिटनमध्ये व्हिटबी व रेडकार येथील हायड्रोजनचे नियोजित प्रयोग २०२३ मध्ये सोडून द्यावे लागले. हे गाजर दाखवण्यात हित आहे ते नळ्यांच्या मालकांचे.

आपल्या छपरांकडे पाहा

महाराष्ट्रातील वाचक म्हणेल, आम्हांला हिवाळ्याची एवढी धास्ती नाही; आम्ही हे का वाचावे? कारण तोच डाव आपल्याकडे दुसऱ्या पटावर मांडला गेला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरांच्या छपरांवरील सौरविजेची योजना आणली. तीन किलोवॅटला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान. छप्पर ज्याचे, अनुदान त्याचे. गिरणगावातल्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत राहणाऱ्याचे छप्पर कोणते? झोपडपट्टीतील पत्र्यावर कोण पट्ट्या बसवणार? तेथेही साधन चांगले आहे, योजनेचा पाया मात्र मालकीचा आहे. मुंबईची वीज आणि वाहतूक १९४७ मध्ये नगरपालिकेने आपल्या हाती घेतली, तेव्हा ‘ज्याला परवडेल त्याने बस विकत घ्यावी’ असे कोणी म्हटले नव्हते.

म्हणून आमची मागणी, तेथे आणि येथे, एकच आहे. यंत्र बदलायचे ते घराघराने नव्हे, गल्लीगल्लीने बदलावे. मोजमाप, बसवणे व दुरुस्ती ही कामे सार्वजनिक यंत्रणेने, कायम नोकरीतील प्रशिक्षित कामगारांकडून करून घ्यावीत. खर्च करातून यावा, म्हणजे ज्याची ऐपत अधिक त्याचा वाटा अधिक राहील. विजेचा दर असा असावा की, काटकसरीचे यंत्र वापरणाऱ्याला शिक्षा होणार नाही. आणि भाडेकरूचे घर यादीत सर्वांत वर असावे.

त्या मुलीला आम्ही उत्तर धाडले आहे. पंप जरूर बसव. खोलीगणिक मोजमाप करून घेतल्यावाचून एकाही कागदावर सही करू नकोस. पण तुझे घर रांगेतले आहे. तुझ्या आणि त्या आजींच्या घरामध्ये एकच भिंत आहे. त्यांची खोली गार राहील तोवर तुझी ऊब त्या भिंतीतून झिरपत जाणार, हे कोणताही अभियंता तुला सांगेल. तेव्हा पंपाबरोबरच रांगेतील सगळ्या घरांची एक सभा बोलव, भाडेकरूंना आधी बोलव, आणि नगरपालिकेच्या दारात एक अर्ज घेऊन सर्वजण मिळून जा. पंप निवडण्याचे काम तुम्हां दोघांना जमेल. दुसरे काम रांगेने मिळूनच करावे लागेल.